कोअर कमी दिसतायत? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

"ताई, सहा कोअरचं मशीन म्हणून घेतलं आणि विंडोज दोनच दाखवतंय." ही तक्रार घेऊन येणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोनच शंका असतात: प्रोसेसर जळाला, नाहीतर आपण फसलो. मी कराडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करते आणि या बाबतीत माझं मत पक्कं आहे. अशा तक्रारीत पार्ट खराब निघणं फार क्वचित. कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग, जागेवरच असतात, कुठल्यातरी सेटिंगने त्यांना बसवून ठेवलेलं असतं. म्हणून कोणी मशीन न उघडता, न तपासता "बोर्ड बदलावा लागेल" म्हणालं तर लगेच पैसे काढू नका. यातलं बरंचसं काम स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता होतं.

आधी मोजून घ्या

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर खालचं 'मोअर डिटेल्स' दाबा. मग 'परफॉर्मन्स' आणि त्यात 'सीपीयू'. वर प्रोसेसरचं पूर्ण नाव असतं आणि आलेखाच्या खाली तीन आकडे: सॉकेट्स (प्रोसेसर बसायच्या जागा), कोअर्स, लॉजिकल प्रोसेसर्स (विंडोजला कामासाठी दिसणारे कोअर). नाव आणि तिन्ही आकडे कागदावर लिहा. पुढचा सगळा तपास या चार गोष्टींवर चालतो.

आलेख एकच दिसतो म्हणून कोअर एकच, असं समजून काही जण घाबरतात. आलेखावर राइट क्लिक करून 'चेंज ग्राफ टू' मधून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडलं की तेवढे चौकोन दिसायला लागतात. काहींचं काम इथेच संपतं.

आता त्या नावाचा प्रोसेसर मुळात किती कोअरचा आहे ते इंटेलच्या किंवा एएमडीच्या संकेतस्थळावर बघा. दुकानदाराच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. 'आय सेव्हन म्हणजे आठ कोअर' हे सर्रास ऐकू येतं आणि ते खरं नाही. लॅपटॉपमधला आय7-7500यू दोनच कोअरचा आहे, लॉजिकल चार. डेस्कटॉपचा आय7-9700 आठ कोअरचा, पण त्यात हायपर थ्रेडिंग (एका कोअरचे दोन लॉजिकल करायची सोय) नाही, त्यामुळे लॉजिकलही आठच. उलट आय3-10100 चार कोअरचा असून लॉजिकल आठ दाखवतो. रायझन 5 3600 सहा आणि बारा. रायझन 3 3200जी चार आणि चारच.

बाराव्या पिढीपासून, म्हणजे 2021 च्या शेवटापासून, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत दोन जातीचे कोअर येतात, आणि कोअरच्या दुप्पट लॉजिकल हा हिशेब तिथे चालत नाही. आय5-1235यू मध्ये दोन मोठे आणि आठ छोटे असे दहा कोअर आहेत. दुप्पट फक्त मोठे होतात, म्हणून लॉजिकल बारा. वीस का नाहीत म्हणून विचारायला आलेल्यांना मी हाच हिशेब कागदावर मांडून देते. नव्या कोअर अल्ट्रा 7 265के मध्ये तर वीस कोअर आणि लॉजिकलही वीसच, कारण हायपर थ्रेडिंग काढूनच टाकलंय.

एएमडीच्या जुन्या एफएक्स मालिकेचा प्रकार वेगळा आहे. एफएक्स-8350 च्या खोक्यावर आठ कोअर लिहिलेलं असतं आणि टास्क मॅनेजर चार कोअर, आठ लॉजिकल दाखवतो. यात बिघाड काहीच नाही. त्या चिपमध्ये दोन-दोन कोअरची जोडी काही भाग वाटून घेते आणि विंडोज त्या जोडीला एक कोअर धरतं. या 'आठ'वरून अमेरिकेत खटला झाला आणि 2019 मध्ये एएमडीने 1 कोटी 21 लाख डॉलर देऊन तो मिटवला. तुमच्याकडे तो प्रोसेसर असेल तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

आकडे जुळले तर इथेच थांबा. जुळले नाहीत तर पुढे.

कोअर हरवतात कुठे

मशीन चालू होतं तेव्हा प्रोसेसरचा एकच कोअर जागा होतो. बायॉस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, त्या वेळी एक तक्ता तयार करतं, त्यात बाकीच्या कोअरची नोंद असते. विंडोज असो की लिनक्स, ते हा तक्ता वाचतं आणि त्यातल्या एकेकाला उठवतं. हजेरीपटावर ज्याचं नावच नाही त्या पोराला गुरुजी हाक मारणार नाहीत, तसंच हे. म्हणजे कोअर दोन ठिकाणी अडकू शकतो: बायॉसने नाव लिहिलंच नाही, किंवा नाव होतं पण विंडोजने हाक मारली नाही.

यातलं कोणतं झालंय हे ओळखायला माझी एक पद्धत आहे आणि विंडोजला हात लावण्याआधी मी तीच करते. उबुंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) बूट होणारा पेनड्राइव्ह लावा, मशीन त्यावरून चालू करा आणि 'ट्राय उबुंटू' निवडा. डिस्कवर काही टाकू नका. आत 'सिस्टिम मॉनिटर' उघडून 'रिसोर्सेस' मध्ये बघा, सीपीयू1, सीपीयू2 अशा किती रेघा आहेत. रेघा लॉजिकलच्या खऱ्या आकड्याइतक्या असल्या तर चिप चांगली, बायॉस चांगलं, आणि भानगड तुमच्या विंडोजमध्ये. तिथेही कमीच दिसले तर विंडोजचा दोष नाही, फॉरमॅट मारून काहीही होणार नाही, सरळ बायॉसकडे वळा. फॉरमॅटचे पैसे, गेलेला डेटा आणि वाया गेलेला दिवस, तिन्ही या एका तपासणीने वाचतात.

विंडोजमध्ये अडकले असतील तर

विंडोजचं बटण आणि आर दाबा, एमएसकॉन्फिग टाइप करा. 'बूट' टॅब, त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. वर डाव्या बाजूला 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' अशी चौकट आहे. तिथे टिक असेल तर ती काढा, ओके करा आणि मशीन रीस्टार्ट करा. शटडाऊन करून परत चालू करू नका. फास्ट स्टार्टअपमुळे शटडाऊननंतर विंडोज पूर्ण नव्याने उठत नाही, रीस्टार्टमध्ये उठतं.

ही टिक येते कुठून? 'कॉम्प्युटर सुपरफास्ट करा' छापाच्या व्हिडिओंमधून. त्यात सांगतात की इथे टिक करा आणि सगळ्यात मोठा आकडा निवडा. विंडोज मुळातच सगळे कोअर वापरतं, तिथे टिक करून एकही वाढत नाही. ही चौकट आहे प्रोग्रामरांसाठी, कमी कोअरवर आपला प्रोग्राम कसा चालतो ते बघायला. घरच्या मशीनवर तिने फक्त नुकसान होतं. शेजारीच 'मॅक्झिमम मेमरी' आहे. तिथली टिकसुद्धा काढा, ती अशीच रॅम कापते.

ही नोंद डिस्कवर, बूटच्या माहितीत लिहिलेली असते आणि डिस्कबरोबर प्रवास करते. इथे एका अकाउंटंटच्या ऑफिसात जुनं दोन कोअरचं मशीन होतं. त्यावर कोणीतरी कधीकाळी ही टिक करून 2 निवडला होता. तेव्हा कुणाला काही जाणवलं नाही, कारण लॉजिकल होतेच दोन. मग त्यांनी सहा कोअरचं नवं मशीन घेतलं, टॅली आणि बाकी सगळं जसंच्या तसं हवं म्हणून जुनी डिस्क क्लोन करून एसएसडीवर घेतली, आणि नवं मशीनही दोनवरच चालायला लागलं. त्यांना प्रोसेसर बदलून घ्या असा सल्ला मिळाला होता. टिक काढून रीस्टार्ट केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये सहा आणि बारा आले. फॉरमॅटने हा प्रश्न सुटतो तो याच कारणाने, नोंद पुसली जाते म्हणून. एका टिकसाठी अख्खं मशीन धुऊन काढायची गरज नसते.

एमएसकॉन्फिगमध्ये टिक दिसत नाही आणि तरी शंका आहे, तर कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. बीसीडीएडिट एवढंच टाइप करून एंटर मारा. येणाऱ्या यादीत 'नमप्रॉक' (एन, यू, एम, पी, आर, ओ, सी) अशी ओळ आहे का बघा. असेल तर बीसीडीएडिट, मग जागा, पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून डिलीटव्हॅल्यू, मग जागा, आणि नमप्रॉक. एंटर आणि रीस्टार्ट. त्या यादीतल्या दुसऱ्या कुठल्याही ओळीला हात लावू नका, विंडोज उठायचं बंद होईल.

दोन प्रोसेसरवालं जुनं वर्कस्टेशन

या प्रकारावर मला जास्त लिहायचंय, कारण यात लोकांचे खरे पैसे अडकतात. लग्नाचं व्हिडिओ मिक्सिंग करणारी मुलं, थ्रीडीचं काम करणारे, असे कितीतरी जण आता कंपन्यांमधून निघालेली दोन झिऑन प्रोसेसरची सेकंडहँड मशीन घेतात. काम चांगलं देतात ती. असाच एक मिक्सिंगवाला आला होता. झिऑन ई5-2680 व्ही4, दोन. एकेक चौदा कोअरचा, म्हणजे दोन्ही मिळून अठ्ठावीस कोअर आणि छप्पन्न लॉजिकल. टास्क मॅनेजरमध्ये चौदा आणि अठ्ठावीस. "ताई, दुसरा प्रोसेसर मेलेला दिलाय," म्हणाला. मी त्याला 'सॉकेट्स' चा आकडा वाचायला सांगितला. एक. मग सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', 'अबाउट'. विंडोज 10 होम.

विंडोज होम एकच सॉकेट वापरतं. प्रो दोन सॉकेट वापरतं, आणि प्रो फॉर वर्कस्टेशन्स चार. दुसरा प्रोसेसर बायॉसमध्ये व्यवस्थित दिसत होता, उबुंटूमध्येही छप्पन्न रेघा येत होत्या. होमवरून प्रोवर जायला फॉरमॅट लागत नाही. सेटिंग्जमधल्या 'अ‍ॅक्टिव्हेशन' मधून प्रोची की टाकली की तेच विंडोज प्रो होतं, फाइली जागच्या जागी राहतात. परवान्याचे पैसे मात्र लागतात. म्हणून असं मशीन घ्यायला जाताना सौद्याच्या वेळीच विचारा, विंडोज कोणतं आहे, आणि टास्क मॅनेजरमध्ये 'सॉकेट्स: 2' डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बायॉसमध्येही दुसरा प्रोसेसर दिसत नसेल तर कॅबिनेट उघडा. बोर्डावर दुसऱ्या प्रोसेसरसाठी वेगळी आठ पिनांची पॉवर केबल असते आणि गाडीतून येताना ती सैल होऊ शकते. काही मशीनमध्ये दुसरा प्रोसेसर उभ्या रायझर कार्डावर असतो, ते कार्ड नीट दाबून बसवा. त्याच्या वाट्याच्या खाचांत रॅम आहे का तेही बघा. दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे हवेत.

आणखी मोठं मशीन असेल, चौसष्टपेक्षा जास्त लॉजिकल प्रोसेसरचं, तर विंडोज त्यांचे गट पाडतं. एका गटात जास्तीत जास्त चौसष्ट. जुनी सॉफ्टवेअर एकाच गटात अडकून बसतात आणि अर्धं मशीन रिकामं राहतं. टास्क मॅनेजर सगळे कोअर दाखवतो, पण रेंडरिंग अर्ध्यावरच चालतं. यावर उपाय म्हणजे त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, किंवा विंडोज 11. त्यात प्रोग्राम आपणहून सगळ्या गटांत पसरू शकतो.

बायॉसमध्ये अडकले असतील तर

मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ2 दाबत राहा. काही लॅपटॉपमध्ये एफ10 किंवा एस्केप असतं. आत गेल्यावर पहिलं काम: प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो. विशेषतः डिस्कच्या सेटिंगचा (एएचसीआय की रेड) आणि बूटच्या पानाचा.

कोअरच्या सेटिंगला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलंय. इंटेलच्या बोर्डांवर बहुधा 'अ‍ॅक्टिव्ह प्रोसेसर कोअर्स' असतं, ते 'ऑल' वर हवं. काही ऑफिस मशीनमध्ये 'मल्टी कोअर सपोर्ट' सापडेल. एएमडीच्या बोर्डांवर 'डाऊनकोअर कंट्रोल', ते 'ऑटो' वर ठेवा. लॉजिकल निम्मे दिसत असतील आणि कोअर बरोबर असतील, तर 'हायपर थ्रेडिंग' किंवा एएमडीत 'एसएमटी' बंद आहे, ते चालू करा. बाराव्या पिढीच्या पुढच्या इंटेलमध्ये छोट्या कोअरसाठी वेगळी ओळ असते. काही गेमसाठी ते बंद करतात आणि परत चालू करायचं राहून जातं.

काहीच सापडलं नाही तर 'लोड ऑप्टिमाइझ्ड डीफॉल्ट्स'. पण त्यानंतर डिस्कचं सेटिंग फोटोतल्याप्रमाणे परत लावा, नाहीतर विंडोज उठणार नाही आणि तुम्हाला वाटेल की नवाच बिघाड झाला.

बायॉसला हात लावण्याआधी आणखी एक खबरदारी, आणि ही मी कुणालाही टाळू देत नाही. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायॉस बदलल्यावर तो अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागू शकतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केलेल्या नव्या विंडोज 11 मशीनवर हे कुलूप तुमच्या नकळत लागलेलं असू शकतं. ती की आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून उतरवून घ्या. की नसेल तर डिस्कवरचे फोटो, हिशेब, सगळं गेलं. ते कुठलंही दुकान परत काढून देऊ शकत नाही.

जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसवला असेल तर बायॉस अपडेट लागू शकतं. नेमक्या मॉडेलची फाइल बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. आणि यूपीएस नसेल तर अपडेट करूच नका. मधेच लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो. पावसाळ्यात आमच्याकडे हे काम मी लॅपटॉपवरही बॅटरी पूर्ण भरून, चार्जर लावूनच करते.

एक जुनी गंमतीची केस. 2009 च्या सुमाराचे एएमडीचे काही दोन कोअरचे फेनम प्रोसेसर मुळात चार कोअरच्या चिपवर बनलेले होते आणि काही बोर्डांत उरलेले दोन उघडायची सोय होती. अशा मशीनचा बोर्डावरचा सेल (सीआर2032) उतरला की ते सेटिंग पुसलं जातं आणि चाराचे दोन होतात. तारीख-वेळही मागे गेलेली असेल तर सेल बदला आणि सेटिंग परत लावा. मात्र ते कोअर कंपनीने काही कारणाने बंद केलेले असू शकतात. मशीन हँग व्हायला लागलं तर हट्ट सोडा, दोनावरच चालवा.

लिनक्सवर एकच कोअर

इंजिनिअरिंगची मुलं ही तक्रार आणतात. उबुंटू टाकताना स्क्रीन काळी पडते, कुणीतरी 'एसीपीआय=ऑफ' लिहायला सांगतं, इन्स्टॉल होतं, आणि ते शब्द कायमचे राहून जातात. एसीपीआय म्हणजे बायॉसने मशीनची माहिती लिनक्सला द्यायची पद्धत, आणि वर सांगितलेला कोअरचा तक्ता त्यातूनच येतो. तोच बंद केल्यावर नव्या मशीनवर सहसा एकच कोअर उरतो. सोबत बॅटरीचा आकडा दिसत नाही, शटडाऊन केल्यावर मशीन पूर्ण बंद होत नाही. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की मी दुसरीकडे बघतच नाही.

ईटीसी फोल्डरातल्या डीफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल आहे. ती सुडो लावून उघडा आणि ज्या ओळीत 'एसीपीआय=ऑफ' आहे तिच्यातून तेवढे शब्द काढा. 'नोएसएमपी', 'मॅक्ससीपीयूज', 'नोएलएपिक' असलं काही असेल तर तेही काढा. मग अपडेट-ग्रब चालवा आणि रीस्टार्ट करा. काळी स्क्रीन परत आली तर तात्पुरतं 'नोमोडसेट' लिहा आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाका. मूळ दुखणं बहुतेकदा ड्रायव्हरचंच असतं.

व्हर्च्युअल मशीन

व्हर्च्युअल मशीन म्हणजे मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेलं दुसरं मशीन. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ते बंद करून 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'प्रोसेसर' मध्ये आकडा वाढवा आणि 'मदरबोर्ड' टॅबमध्ये 'एनेबल आय/ओ एपिक' ला टिक करा. लिनक्सच्या केव्हीएमवर असं विंडोज चालवत असाल आणि आठ दिले तरी दोनच दिसत असतील, तर ते आठ वेगवेगळे सॉकेट म्हणून गेलेत आणि प्रोने त्यातले दोनच घेतले. 'टोपोलॉजी' मध्ये एक सॉकेट, आठ कोअर असं लिहा.

खरोखर बिघाड असेल तर

बायॉसमध्ये सगळं 'ऑल' आणि 'ऑटो', उबुंटूतही कमी, मॉडेल नीट तपासलेलं, तरच हार्डवेअरवर संशय घ्या. प्रोसेसर काढून सॉकेट टॉर्चच्या उजेडात तिरका धरून बघा. इंटेलच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, सगळ्या एका रेषेत चमकायला हव्यात. जिथे चमक तुटते तिथली पिन वाकलेली. पण वाकलेल्या पिनेने सहसा रॅमची खाच जाते, कोअर नव्हे. आणि खराब कोअर गायब होण्यापेक्षा मशीन पाडतो. निळी स्क्रीन येत असेल तर 'इव्हेंट व्ह्यूअर' मधल्या 'सिस्टिम' मध्ये 'व्हीया-लॉगर' (डब्ल्यू, एच, ई, ए) च्या नोंदी बघा, त्यात 'प्रोसेसर एपिक आयडी' असा आकडा असतो. तोच आकडा पुन्हा पुन्हा येत असेल तर तो एक कोअर आजारी आहे. वॉरंटी असेल तर त्या नोंदीचा फोटो काढून दावा करा.

दुरुस्तीनंतर

आकडे बरोबर आले म्हणून लगेच मशीन देऊ नका, घेऊही नका. सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअर टाका, 'टूल्स' मधलं 'बेंचमार्क' सुरू करा आणि शेजारी टास्क मॅनेजरचे सगळे चौकोन उघडे ठेवा. प्रत्येक चौकोन वरपर्यंत भरायला हवा. दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. बरेच महिने दोन कोअरवर चाललेलं मशीन आता पूर्ण ताकदीने तापणार आहे, आणि वाळलेली थर्मल पेस्ट किंवा धुळीने भरलेला पंखा या वेळी उघडा पडतो. सीपीयूचा वेग मधेच खाली यायला लागला तर पंखा साफ करा, पेस्ट बदला आणि बेंचमार्क पुन्हा लावा. वेग टिकला की टास्क मॅनेजरच्या त्या पानाचा फोटो बिलासोबत ठेवून द्या.